राजहंसाचा खाका

लग्न होऊन मी कळंबहून खोपोलीला आले, तेव्हा आमच्या यांचं गाड्या रंगवायचं काम जोरात चाललं होतं. घाट चढायच्या आधी ट्रक खोपोलीत थांबायचे. ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत हे मागच्या फळीवर कमळ काढून द्यायचे, नाहीतर मालकाच्या गावाचं पुसट झालेलं नाव उजळून द्यायचे. पेन्सिल न टेकवता, थेट ब्रशने. मी डबा घेऊन जायची आणि तो हातातच धरून बघत राहायची.

मलाही हाताला काम लागायचं. कर्जतला मी शिवणाचा क्लास केला होता. उशांचे अभ्रे, झबली, रुखवतातले रुमाल असं भरतकाम मी घरी बसून करून द्यायची.

सत्तरनंतरची ही गोष्ट. साजगावच्या बाजूला साबणाचा एक नवीन कारखाना सुरू झाला होता. माल नेणारे त्यांचे ट्रक आणि कामगारांना आणणारी बस, सगळ्या गाड्या निळ्या. प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना पांढरा उडता राजहंस आणि खाली कारखान्याचं नाव काढायचं होतं. नमुना म्हणून यांच्या हातात साबणाचं वेष्टन दिलं होतं. त्यावरचा हंस जेमतेम अंगठ्याएवढा.

यांनी उत्साहाने कामाला हात घातला आणि तीन ट्रक रंगवून झाले. मग कारखान्याच्या साहेबांनी ते अंगणात शेजारी शेजारी उभे करायला लावले. एकेकटा पाहिला तर कुठल्याच हंसाला नाव ठेवायला जागा नव्हती, पण एकाची मान लांब, दुसऱ्याचं पोट मोठं आणि तिसरा तर जमिनीवर उतरायच्या बेतात. एक ड्रायव्हर हसत म्हणाला, "पेंटर, हे तिघं एकाच आईची लेकरं नाय वाटत."

साहेब तसे तरुण आणि सभ्य. ते म्हणाले, "चित्रं चांगली आहेत हो. पण लांबून येणारी गाडी आमचीच आहे हे ओळखू आलं पाहिजे. सगळे हंस एकसारखे होणार नसतील तर मला मुंबईहून माणूस आणावा लागेल."

हे घरी आले. ताटावर बसले आणि भात नुसता चिवडत राहिले. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं रं?" तेव्हा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हात म्हणजे काय यंत्र हाय का? प्रत्येक वेळी तीच रेघ कशी येईल?"

मी समोरच अभ्र्यावर खाका टाकत बसले होते. खाका म्हणजे नक्षीचा कागद. नक्षीच्या रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. भोकांतून नीळ उतरते आणि कापडावर नक्षी उमटते. एका खाक्यावर कितीही अभ्रे होतात, आणि सगळ्यांवरचं फूल अगदी तेच.

मी म्हटलं, "अहो, हंसाचा असा खाका केला तर?"

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारून जवळ येऊन बसले. "ट्रकएवढा?"

"ट्रकएवढा."

दुसऱ्या दिवशी हे साहेबांकडे जाऊन मुदत मागून आले. येताना काखेत कागदाची मोठी गुंडाळी होती. नकाशे काढायच्या खोलीतला जाड पारदर्शक कागद साहेबांनी स्वतः काढून दिला होता. ओटीवर तो पसरला आणि बसायला जागा उरली नाही. यांनी वेष्टनावरच्या हंसावर बारीक चौकोन आखले, मोठ्या कागदावर तेवढेच, पण मोठे चौकोन आखले आणि एकेका चौकोनातली रेघ उचलत हंस मोठा केला, खाली कारखान्याचं नावही काढलं. पंखाचं टोक मनासारखं येईना म्हणून ते कितीदा तरी खोडलं. मग मी खाली गोधडी घालून भोकं पाडायला बसले. दाभणाची भोकं मोठी पडली, म्हणून पुन्हा सुई घेतली. बोटाला चिंधी गुंडाळून काम चाललं. सासूबाई येता-जाता डोकावून म्हणायच्या, "बगळा झाला का गं?"

"आई, हंस हाय तो," हे म्हणायचे.

"मी कुठं हंस बघितलाय? शेतात बगळेच येतात."

खाका तयार झाल्यावर हे म्हणाले, "नीळ कशी लावायची ते तुलाच ठाऊक. तूच चल." मी सासूबाईंकडे पाहिलं. ट्रक-ड्रायव्हरांच्या घोळक्यात सुनेने जायचं म्हणजे त्या काळी सोपं नव्हतं. त्या म्हणाल्या, "जाऊ की. मी पन येते."

आणि खरोखरच आल्या. कारखान्याच्या अंगणात एका जुन्या टायरवर पदर सावरून बसल्या. त्यांना तिथे बसलेलं पाहून कुणी वावगा शब्द काढला नाही. उलट एकाने त्यांना चहा आणून दिला.

पहिला प्रयत्न फसला. रॉकेलमधली नीळ कापडात मुरते, पत्र्यावर ती ओघळली. शिवाय निळ्यावर निळं काय दिसणार? माझा चेहरा उतरला. यांनी फडक्याने सगळं पुसून घेतलं. मग मला खडू आठवला. खडूची पूड करून पातळ फडक्यात तिची पुरचुंडी बांधली आणि खाक्यावर कोरडीच थोपटली. कागद उचलला, तर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा हंस उभा. ड्रायव्हर जवळ आले आणि कुणीतरी बोट लावायला गेला, तशा सासूबाई टायरवरून ओरडल्या, "हात नको लावूस रं, पुसल!"

दुसऱ्या अंगाला गेलो तेव्हा नवीनच पेच. तोच खाका तसाच लावला तर हंस गाडीच्या मागच्या दिशेने उडणार. गाडी पुढे आणि हंस मागे! मी कागद उलटा केला. हंस बरोबर पुढे निघाला, पण नावाची अक्षरं उलटी झाली. यांना हसू आवरेना. मग अक्षरांचा भाग कापून त्याचा वेगळा खाका केला. बसच्या दारापाशी हंसाचा डोळा नेमका कडीवर येत होता. म्हणून पुढच्या गाड्यांना आधी कागद लावून बघायचा, कडी, बिजागऱ्या, डिझेलच्या टाकीचं झाकण कुठे येतं त्याच्या खुणा करायच्या आणि हंस जरा वर-खाली सरकवायचा, असं ठरवलं.

आधीचे तीन हंस पुसून नव्याने काढले. सगळ्या गाड्या झाल्यावर साहेबांनी त्या पुन्हा रांगेत लावल्या. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "पेंटर, हात बसला हो तुमचा!"

मी पुरचुंड्या झटकत उभी होते. हे चटकन म्हणाले, "रंग माझा, साहेब. पन ही युक्ती हिची हाय. खाका हिनं केलाय."

साहेब माझ्याकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, आमच्या सगळ्या गाड्या आता तुमच्याच ताब्यात."

मी लाजून खाली बघत राहिले. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते पुढे पुरस्कार मिळाला असता तरी वाटलं नसतं. यांनी 'मीच केलं' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मलाही त्यात काही गैर वाटलं नसतं. तेव्हा तशीच रीत होती. पण यांच्या मनात ते आलंच नाही.

त्यानंतर मी कायमची या कामात आले. खालापूरच्या एका डॉक्टरांची गाडी, कर्जतच्या दुधाचे टेंपो, रसायनीकडचे टँकर अशी कामं येत गेली. आधी मी गाडीला कागद लावून मापं घ्यायची, घरी खाका करायची, मग हे रंग भरायचे. दुपारी सासूबाई भाकऱ्या थापून ठेवायच्या आणि आम्ही दोघं रंगाच्या हातांनी घरी यायचो. जेवताना आमचं बोलणं घरच्या कटकटींपेक्षा एखाद्या वळणदार अक्षरावरच जास्त व्हायचं. माझ्या माहेरच्या बायकांपैकी किती जणींना नवऱ्याशी असं बोलायला मिळालं असेल, असं अनेकदा मनात येतं.

थोरल्या मुलीच्या वेळी मला दिवस गेले, तेव्हा स्टुलावर चढायची मला भीती वाटू लागली. मी म्हटलं, आता हे काम बंद. दोन-तीन दिवसांनी सुतार एक घडवंची घेऊन दारात आला. बुटक्या, रुंद पायऱ्यांची, वर धरायला लाकडी कठडा असलेली. लुगडं आवरून सावकाश चढता येईल अशी. हे तिच्यावर स्वतः चढले, उड्या मारून पाहिल्या, हलत नाही याची खात्री केली आणि मग मला म्हणाले, "आता चढून बघ गं."