दामाजीचं जाळं

प्लेगाच्या आदल्या साली कोपरीची मनुबाई कोळीण लेकीकडे कायमची राहायला निघाली. होडी लहान, म्हणून भांडी, पाटा-वरवंटा सगळं वाटून टाकलं. लोणच्याची बरणी तर शेजारधर्म म्हणून मीच लाटली. उरलं नवऱ्याचं जाळं. दामाजी खाडीत बुडाला, तेव्हा तो सापडलाच नाही, जाळं तेवढं परत आलं.

"मनू, जावई पकडायला नेतेस काय गं?" मी चिडवलं.

ती हसली नाही. दामाजीच्या हातच्या गाठी एकेक चाचपत बसली.

जावई गोमाजी म्हणाला, "आये, घरात ठेवलंस तर सडंल. मला दे, मी खाडीत टाकून मासळी धरीन."

शेवटची गाठ चाचपून तिनं जाळं त्याच्या खांद्यावर ठेवलं.

"घे. पन कोपरीच्या वळनावर टाकू नको रं. त्यो अजून तितंच हाय."