लिटल मेंडिपवरची वाफ

शरयूकाकूंनी न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं घर विकून डोंगरापाशी राहायला जायचं ठरवलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं की हे रवींद्रकाकांचंच खूळ. पण हट्ट काकूंचा होता. वाईजवळच्या गावात वाढलेली बाई. "समोर डोंगर नसला की मला दिशाच कळत नाही," असं त्या एडिसनमध्ये कायम म्हणायच्या.

काकू हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट होत्या. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही अशा पेशंटांचे व्हेंटिलेटर सांभाळायचे, आणि बरे होत आले की त्यांना पुन्हा श्वास घ्यायला शिकवायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यात एक लहानसं घर घेतलं.

तिथला डोंगर बसक्या पाठीचा आहे. त्याला ना शिखर ना कडा. वर मोकळं गवत, उतारावर सीडर आणि मेपलची झाडं, आणि गवतातून जागोजागी डोकावणारा फिकट चुनखडीचा दगड. फार पूर्वी इंग्लंडमधून आलेल्या लोकांनी आपल्या मुलखातल्या मेंडिप डोंगराच्या आठवणीने त्याला लिटल मेंडिप असं नाव दिलं. त्याच लोकांच्या वंशातला वेंडेल शेजारच्या शेतावर एकटा राहायचा. पंच्याहत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. काकूंना डोंगर त्यानेच दाखवला.

"आमच्या लोकांनी गावाकडच्यासारखा डोंगर शोधला," तो म्हणाला, "आणि गावाकडची भीतीही इथे त्यांना आयतीच मिळाली."

ही भीती म्हणजे डोंगरातली विवरं. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून पाणी गर्जत खाली येताना काकूंनी पाहिलेलं. इथे ओढा गवतातून मजेत वाहत यायचा आणि एका खळग्यापाशी गुपचूप जमिनीत शिरायचा. पलीकडे वेंडेलच्या गोठ्यामागे तो पुन्हा वर यायचा, बर्फासारखा गार होऊन. मधल्या वाटेत तो कुठे असतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डोंगर आतून पोकळ होता. कधीकधी गवताखालची माती खचून नवं विवर उघडायचं. "काठावर उभी राहू नकोस," वेंडेलने बजावलं होतं. "बघायचंच असेल तर आडवी होऊन बघ."

हिवाळ्यात विवरांमधून वाफ निघायची. डोंगराच्या पोटातली हवा बारा महिने सारखीच असते, म्हणून बाहेर गोठलं की ती उबदार हवा वर येते. भर जानेवारीत बर्फाच्या मधोमध हिरव्या शेवाळाची वर्तुळं आणि त्यांतून उठणारे पांढरे झोत. काकूंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळे झोत पाठ झाले होते.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी, चहा गाळता गाळता त्या थांबल्या.

"अहो, वेंडेलच्या कुरणात मधेच वाफ कशी? तिथे कधी नव्हती."

"आज थंडी जास्त आहे," काका पेपरातून मान वर न करता म्हणाले.

काकूंनी वेंडेलला फोन लावला. उचलला नाही. त्याचा ट्रक मात्र अंगणातच होता. काकूंनी बूट चढवले आणि त्या निघाल्या.

बर्फात वेंडेलच्या पावलांची रांग होती. ती वाफेपर्यंत जाऊन संपली होती. परतीचं पाऊल नव्हतं.

काकू बऱ्याच अलीकडे आडव्या झाल्या आणि सरपटत काठाशी गेल्या. खाली अंधार. तोंडावर उबदार, ओल्या मातीच्या वासाची हवा आली. त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. मग त्यांनी कान लावला.

खाली कुणीतरी श्वास घेत होतं. आखूड, मधेच अडकणारा श्वास. बरगड्या मोडलेल्या माणसाचा असतो तसा. आणि त्याच्या शेजारीच दुसरा होता. लांब, जड, अतिशय सावकाश.

त्यांनी ९११ला फोन केला. "खाली दोघं आहेत," त्या म्हणाल्या.

फायर ब्रिगेड येईपर्यंत त्या तिथेच पडून राहिल्या आणि बोलत राहिल्या. "वेंडेल, मी शरयू. माझ्याबरोबर श्वास घे. आत... सावकाश... आता सोड." आयुष्यभर हेच केलेलं. हळूहळू आखूड श्वास लांबू लागला, लयीत आला. काकूंना हायसं वाटलं. आणि मग लक्षात आलं की दुसरा श्वासही बदललाय. तोही आता त्यांच्या सांगण्याबरोबर आत जात होता, सांगण्याबरोबर सुटत होता.

काकू गप्प झाल्या. खालचे दोन्ही श्वास थांबले. जणू पुढच्या शब्दाची वाट बघत होते.

"आत," त्या घाईने म्हणाल्या.

शिड्या आडव्या टाकून, दोर सोडून माणसांनी वेंडेलला वर काढलं. पाय मोडलेला, बरगड्या मोडलेल्या, पण जिवंत. आदल्या संध्याकाळी मेंढ्या बघायला गेला असताना जमीन खचली होती. उघड्यावर असता तर गोठूनच मेला असता. डोंगराच्या उबेने त्याला जगवलं.

"आणि दुसरा?" काकूंनी विचारलं.

एकजण पुन्हा उतरला. टॉर्च सगळीकडे फिरवून वर आला. "स्वयंपाकघराएवढी जागा आहे, मॅडम. चारी बाजूंनी दगड. कुणी नाही."

घरी आल्यावर काका म्हणाले, "अगं, डोंगराची हवाच ती. नाहीतर एको असेल."

"डोंगराची हवा तासन्‌तास एकाच दिशेने वाहते," काकू म्हणाल्या. "आणि एको मागाहून येतो. हा माझं ऐकत होता."

काही दिवसांनी त्या वेंडेलला भेटायला हॉस्पिटलात गेल्या. त्याची मुलगी कॉफी आणायला बाहेर गेल्यावर त्याने आवाज उतरवून विचारलं, "त्यालाही काढलं ना?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

वेंडेल छताकडे बघत राहिला. "रात्रभर पाठीशी टेकून होता. मला वाटलं, माझ्याहून म्हातारा असेल."

काकांनी घर विकायचा विषय काढला. काकूंनी साफ नाही म्हटलं. त्या दोघांत एकाच गोष्टीवरून इतकी वादावादी याआधी कधी झाली नव्हती. शेवटी काकांनी माघार घेतली; आता ते त्या बाजूचा पडदा तेवढा ओढून ठेवतात. वेंडेलही मुलीकडे न राहता वसंतात काठी टेकत परत आला आणि विवराभोवती त्याने कुंपण घालून घेतलं. बुजवायला मात्र कुणालाच दिलं नाही.

हे सगळं काकूंनी मला ऑक्टोबरमध्ये सांगितलं, त्याच कुरणात चालता चालता. मेपल लाल झाले होते, ऊन चांगलं होतं. कुंपणापाशी त्या थांबल्या. विवराच्या काठावरची वाळकी पानं एकेक करून आत ओढली जात होती. वारा अजिबात नव्हता.

"ऐकायचंय?" काकूंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी आग्रह केला नाही. स्वतः मात्र कुंपणावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या, पेशंटच्या उशाशी उभं राहावं तशा. मग उताराखालच्या त्याच्या घराकडून वेंडेलने हाक मारली. त्याने आमच्यासाठी सफरचंदं काढून ठेवली होती.