समोरच्याचं म्हणणं

मुखेडच्या शाळेत विशाखाबाई निबंध तपासायला बसल्या की भल्याभल्या पोरांना घाम फुटायचा. कितीही जोरकस लिहा, बाई वहीवर बोट ठेवून विचारणार, "समोरच्याचं म्हणणं कुठाय?" ही खोड त्यांना लागली कुठून, ते ऐकण्यासारखं आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झालेला. जिल्हा नवा, साहेब नवे, जीप नवी, पाणी तेवढं नाही. विशाखा निलंग्याकडच्या एका खेड्यात नववीत होती. गावच्या विहिरीनं तळ दाखवला होता आणि सगळी भिस्त टँकरवर. तो थांबायचा चावडीपाशी. आधी गावाच्या घागरी, मग उरलंच तर बौद्ध वस्तीच्या. त्या 'उरलंच तर'पायी विशाखाची शाळा आठवड्यातून तीनदा बुडायची, आणि असंच चाललं तर नाव काढून टाकू असं तिचा बाप, साहेबराव, म्हणू लागला होता.

अशात गावाला एक बोअर मंजूर झाला. जमिनीतलं पाणी बघणारे आले, दोन जागांवर चुन्याची फुली मारून गेले. एक चावडीपुढं, एक वस्तीत. वस्तीतल्या फुलीखाली पाणी जास्त, असंही सांगून गेले. कुठं पाडायचा, ते सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठरणार होतं, आणि त्याच सभेत याच विषयावरचा शाळेतला एक निबंध वाचला जाणार होता.

विशाखानं लिहिला. असा लिहिला की सरपंच धोंडप्पाची सालटी काढली. श्रीपाद सरांनी वाचला आणि परत दिला.

"हे भांडण झालं. यात दुसरा माणूसच नाही. त्याचं म्हणणं असं लिही, की वाचून त्यानंच मान डोलवावी. मग खोड."

दुसरी एखादी रडली असती. विशाखा तडक धोंडप्पाच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली. "सरपंच, बोअर चावडीपाशीच का? तुमचं म्हणणं सांगा, मला लिहायचंय."

धोंडप्पा आधी हसला, मग खुलला. आपलं म्हणणं कुणी लिहून घेतंय म्हटल्यावर कुणाला गोड वाटत नाही? चावडी गावाच्या मधोमध हाय. ढोरं तिकडूनच येतात. आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू का पोरी? आमच्या बाया तुमच्या वस्तीत पाण्याला येणार न्हाईत. निम्मं गाव तहानलेलंच राहील."

आत धोंडप्पाची बायको नागुबाई भांडी घासत होती. तो आवाज थांबला.

"हे लिहू?" विशाखानं विचारलं.

"लिही की. खोटं हाय का?"

विशाखाला असा राग आला, की ती जवळजवळ पळतच घरी आली. पण बसली लिहायला. मधोमधचं खोडलं, शाळा वस्तीला लागूनच, पोरं तिथंच येतात. ढोरांसाठी हौद सुचवला. तिसऱ्या मुद्द्याला मात्र लेखणी अडली. आजी सरजाबाई जवळच बसली होती. गावच्या विहिरीवर घागर खाली ठेवून, कुणी वरून ओतेल म्हणून वाट बघण्यात तिचा जन्म गेला होता.

"त्येवढं गाळून टाक," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू वाचशील आन् तेच जिंकतील."

"न्हाई आज्जी. सगळ्यांच्या पोटात तेच हाय. मी गाळलं म्हणून जाईल का ते?"

सभेत ती उभी राहिली. धोंडप्पाचे मुद्दे तिनं त्याच्याच शब्दांत वाचले. तो खरंच मान डोलवत होता. दोन मुद्दे खोडून ती तिसऱ्यावर आली, तोही जसाच्या तसा वाचला आणि म्हणाली, "याला माझ्याकडं उत्तर नाही. कोण कुठं पाणी भरील, हे मी कसं लिहू? सरपंचांनीही कसं सांगावं? ज्या भरतात त्यांनाच विचारा."

धोंडप्पाची मान डोलायची थांबली.

बायकांच्या बाजूला नागुबाई उठली. ती सभेत कधी बोलली नव्हती. पदर सावरून, नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई. टँकरमागं पळून गुडघे गेले माझे. पाणी जिथं हाय, तिथं मी येईन." मग तिच्या मागची एक म्हणाली, मीबी. आणखी एक म्हणाली. धोंडप्पानं टोपी काढून पुन्हा घातली, आणि बोअर वस्तीत पडला.

पहिल्या दिवशी हापशावर रांग लागली. सरजाबाई सगळ्यांत पुढं होती. मागं नागुबाई दिसली तशी म्हातारी जुन्या सवयीनं बाजूला झाली, घागर खाली ठेवली आणि वाट बघत उभी राहिली.

"मावशी, नंबर तुमचा हाय," नागुबाई म्हणाली.

सरजाबाईनं पुढं होऊन दांडा धरला, आपली घागर भरली, पण दांडा सोडला नाही.

"आण," ती नागुबाईला म्हणाली, "तुझीबी भरते."