पेवाच्या तोंडाशी मी काय म्हणालो

सांगलीत हळदीच्या एका पेढीवर मी तीस वर्षं दिवाणजी होतो. आता वाईला मुलीकडे असतो. गुडघे गेलेत, पण ऐकू नीट येतं आणि आठवतंही नीट. थोडं कमी आठवलं असतं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

आमच्या वेळी हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र तीन पुरुष खोल आणि पोटाशी रुंद. आतून उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवाच नसल्यानं हळदीला कीड लागत नसे. त्यामुळेच पेव उघडायची एक रीत होती. पहाटे तोंड मोकळं करायचं, दुपारपर्यंत कुणी फिरकायचं नाही, मग पेटता कंदील दोरानं आत सोडायचा. विझला तर थांबायचं. तेवत राहिला तरच माणूस उतरायचा.

आमच्या पेवांवरचा मुकादम तेव्हा तिशीचा होता. आधी दारू प्यायचा. एका जत्रेत कुणाचं तरी डोकं फोडून चौकीत बसून आला होता. आष्ट्याची बायको करून आणली आणि माणूस बदलला. पुढं तिचा भाऊही त्याच्याच हाताखाली आला. दोघं मेव्हणे एका डब्यात जेवायचे.

त्या दिवशी ट्रक सकाळीच येऊन उभा राहिला. शेठ परगावी होते. जाताना 'सगळं तुमच्यावर सोपवून चाललोय' म्हणाले होते आणि त्या एका वाक्यानं मी फुगलो होतो. पेवाचं तोंड उघडून तास झाला असेल. मुकादम कंदील पुसत बसला होता.

मी म्हणालो, "कंदील ठेव बाजूला. शेजारचं पेव परवा काढलं, कुणाला काही झालं का? उतरव माणूस."

"दिवाणजी, दुपार तरी हुंद्या."

"आणि तोवर ट्रक काय तुझ्या सासऱ्याच्या दारात उभा करू?"

माणसं हसली. ज्याच्या बापावर ही थट्टा होती, तो मेव्हणाही हसला. "जाऊ द्या दाजी, मीच उतरतो," म्हणत त्यानं दोर धरला.

तो खाली पोचला आणि हाकेला ओ देईना. मुकादमानं कमरेला दोर बांधला आणि काही कळायच्या आत खाली उडी घेतली. त्यानं मेव्हण्याला मिठीत धरलं आणि आम्ही दोघांनाही वर ओढलं. मेव्हणा संपला होता. मुकादम श्वास घेत होता, पण शुद्ध नव्हती.

संध्याकाळी पोलिसांनी मला विचारलं. डॉक्टर म्हणाले होते, दुसराही रात्र काढायचा नाही. माझ्या मनात आलं, तो जाणारच आहे, मेल्या माणसाला कशाचं काय? मी सांगितलं, "मी थांबा म्हणत होतो. मुकादम प्यालेला होता, ऐकेना. त्यानंच मेव्हण्याला उतरवलं." ट्रकवाला निघून गेला होता. हमाल माझ्या शब्दाबाहेर नव्हते. आणि त्याची दारू सगळ्यांना ठाऊक होती.

तो मेला नाही. चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. त्या दिवशीचं त्याला काहीही आठवत नव्हतं. कोर्टात विचारलं तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाला, "दिवाणजी म्हणत्यात तसंच आसंल." दीड वर्षाची शिक्षा झाली. बायको भावाच्या तेराव्यानंतर आष्ट्यालाच राहिली, परत आली नाही.

मी जबानी बदलू शकलो असतो. नोकरी गेली असती, मुलगी लहान होती, अशी कारणं मी स्वतःला देत आलो. त्यातलं एकही इथं मांडण्याच्या लायकीचं नाही.

सुटून आल्यावर तो नदीकाठच्या एका गावात गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायला राहिला. पुढची चाळीस वर्षं मला त्याची एवढीच खबर होती.

मग गेल्या मोठ्या पुरात त्या गावाची वस्ती पाण्यात अडकली. नाव पोचेना, तेव्हा म्हाताऱ्या मुकादमानं गुऱ्हाळातली काईल, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, पाण्यात लोटली आणि बांबूनं ढकलत दोन दिवसांत चौदा माणसं बाहेर काढली. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. आठवड्यात 'काईलवाले मामा' घरोघरी पोचले. शाली, नारळ, फेटे, टीव्ही. माझ्या मुलीनंही मला दाखवलं आणि मी त्याला चालण्यावरून ओळखलं.

पंधरा दिवस हे चाललं. मग कुणीतरी जुनं उकरलं. 'हा तर मेव्हण्याला मारून तुरुंगात गेलेला.' मुलगी एकेक प्रतिक्रिया वाचत होती, मी दाढीचा ब्रश धरून तसाच बसलो होतो. शेवटी एका वाहिनीच्या मुलीनं त्याला तोंडावर विचारलं. तो कॅमेऱ्यात बघत म्हणाला, "व्हय. माझ्या हातनं माणूस गेलाय. मी प्यालो व्हतो. दिवाणजी थांब म्हणत व्हते, मी ऐकलं न्हाई."

"बाबा, ही तुमचीच पेढी ना?" मुलीनं विचारलं. "म्हणजे हे दिवाणजी तुम्हीच?"

मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं, तुम्ही थांब म्हणून सांगितलं होतं तरी."

यानंतरही मी चार महिने बसून काढले. मग एका सकाळी मुलीला 'जुन्या माणसांना भेटून येतो' म्हणालो आणि एसटीनं सातारा करून सांगलीला उतरलो.

तो गुऱ्हाळाच्या मागच्या खोलीत होता. मला बघून उठायला लागला. "आवं दिवाणजी! बसा, बसा. शाल पांघरा, वाऱ्याला बसू नगा. सतरा झाल्यात. उन्हाळ्यात पांघरायच्या कशा तेवढं कुणी सांगिना."

"आता बोलावत नाहीत?"

"आता कोण बोलावतंय? शाळेत झेंड्याला बोलावलं व्हतं, आदल्या दिशी निरोप आला, येऊ नगा. बरोबर हाय त्यांचं. पोरांफुडं मला कशाला उभं करायचं?" मग हसला. "पर काईल लय फेमस झाली. तिच्यासंगट फोटो काढाय येत्यात आजून. तिच्यावर केस न्हाई."

त्यानं दिलेला चहा मी खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ट्रक, शेठ, सासऱ्याच्या दाराची थट्टा. तो कंदील पुसत होता हे सांगितलं. पोलिसांना काय बोललो आणि का बोललो, तेही.

मी शिव्यांची वाट बघत होतो.

"मी प्यालो नव्हतो?" त्यानं विचारलं.

"नाही."

"थेंबबी?"

"तू कंदील घेऊन आला होतास. मीच नको म्हणालो."

"चाळीस वरीस मी रोज त्यो दिस आठवायला बघतोय, दिवाणजी. काय बी येत न्हाई. मग तुमी सांगितल्यालं तेवढंच डोळ्याम्होरं आणायचो. मी झिंगलोय, त्याला ढकलतोय. रोज. पुरात बी तेच व्हतं डोक्यात. एक घालवलाय, जमतील तेवढं काढायचं." तो थांबला. "मला न्हाई सांगितलं तरी चाललं आसतं. तिला सांगा."

ती म्हणजे बायको. दोघांची फारकत झाली नव्हती, भेटही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आष्ट्याला गेलो. ती भावजयीबरोबर राहते. जो पेवात गेला त्याची ही विधवा. दोघी जोंधळे निवडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो, तेव्हा भावजयीनं पाट सरकवला.

सगळं ऐकून झाल्यावर बायको सूप खाली ठेवत म्हणाली, "त्या दिशी सकाळी च्या मीच दिला व्हता त्यास्नी. तोंडाला वास नव्हता. मला ठावं व्हतं."

मी तेव्हा कुठं पाटावर बसलो.

"पर तुमी म्हणला. शिकल्याली माणसं, पेढीवरली. म्हणलं, माझंच नाक चुकलं आसंल. माझ्या नाकापरीस मी तुमचं खरं धरलं, दिवाणजी."

भावजय इतका वेळ खाली बघत होती. ती म्हणाली, "आन मी चाळीस वरीस ह्या बाईला नवऱ्याचं नाव तोंडात घिऊ दिलं न्हाई."

"कागदावर लिवा हे," बायको मला म्हणाली. "तोंडाचं काय खरं? तोंडानं तुमी तवाबी बोलला व्हता. नावं घालू नगा. ज्यास्नी कळायचं त्यास्नी कळंल."

मी हो म्हणालो. मग विचारलं, त्यांच्याकडं याल का? गाडी करून देतो, मीही बरोबर येतो.

तिनं सूप पुन्हा उचललं. "टीवीवर बघितलं तवा जाणार व्हते. लुगडं काढून ठेवलं व्हतं. दुसऱ्या दिशी त्यांनी सोताच सांगितलं, मी प्यालो व्हतो म्हणून. मग ठेवून दिलं. आता न्हाई. आता जाऊन दोघं एकमेकांचं त्वांड बघत बसणार, आन किती वरसं गेली तेवढंच मोजणार. न्हाई जमायचं मला."

मी स्टँडवर येऊन बसलो. इस्लामपूरची गाडी लागली होती. तेवढ्यात त्याचा फोन आला. बहुतेक सकाळपासून मोबाईल हातातच धरून बसला असावा.

"गेला व्हता का?"

"आत्ताच बाहेर पडलो."

"सगळं सांगितलं?"

"सगळं."

"मग? येती म्हणली का?"

येईल, थोडे दिवस जाऊ देत, असं सांगणं सोपं होतं. त्याला ते गोड लागलं असतं, आणि त्यानं माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला असता. कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर थाप मारत होता.

मी म्हणालो, "नाही. येणार नाही म्हणाली."

पलीकडून गुऱ्हाळाच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. गाडी निघून गेली.