उपलब्दतेनुसार

माझं समग्र वाङ्मय दोन शब्दांचं आहे: ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’. मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात बाबू होतो. नगरपालिकेचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते, आणि तीसुद्धा तिच्या मर्जीनं येते.

माझ्या आधीचा बाबू सरळ माणूस. निवृत्त झालेल्यानं ग्रॅच्युइटीसाठी अर्ज केला की हा उत्तरात लिहायचा, ‘सध्या पैसे नाहीत’. मग लोक येऊन टेबलावर हात आपटायचे. मी आल्यावर लिहायला लागलो, ‘आपली देय रक्कम निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल’. लोक ते पत्र नीट घडी घालून खिशात ठेवायचे आणि वर ‘उपकार झाले’ म्हणायचे. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

कॉम्प्युटर आले तेव्हा हे वाक्य मीच टाइप करून ठेवलं आणि ‘उपलब्दतेनुसार’ असं टाइप केलं. आमच्याकडे बोलताना ‘ध’चा ‘द’ होतोच. इतिहासात ‘ध’चा ‘मा’ झाला तर केवढा गहजब झाला, माझ्या ‘द’कडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पैसे खरंच नसायचे, हेही सांगायला हवं. पाणीपट्टी वाढवायची म्हटलं की निवडणूक आडवी यायची. अनुदान यायच्या आधीच त्याचे वाटेकरी ठरलेले असायचे. पगार थकवला तर सफाईवाले झाडू खाली ठेवतात, पथदिव्यांचं बिल थकवलं तर वीज जाते. निवृत्त म्हातारे काय करतात? येतात, बाकावर बसतात, माठातलं पाणी पितात आणि घरी जातात. म्हणून दर फेब्रुवारीत अंदाजपत्रकाचं पांघरूण तोकडं पडलं की मी ते त्यांच्याच पायांवरून ओढायचो.

त्यांच्यात एक वॉलमन मामा होते. वॉलमन म्हणजे पाइपलाइनचे वॉल फिरवून आळीआळीला पाणी सोडणारा. निवृत्त झाल्यावर ते वाणगावकडच्या आपल्या गावी राहायला गेले. तोंडात एकही दात नाही. बोलताना खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरायचे, हसायचे तर तो नाकापर्यंत न्यायचे. ग्रॅच्युइटी आली की त्यांना कवळी करायची होती. पेन्शन यायची ती रखडत रखडत, आणि आली की परस्पर किराणावाल्याकडे जायची. बोईसरला स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे ते चौकशीला गेले तर तिथला कंपाउंडर म्हणाला, “बाबा, पहले पैसा लाओ, फिर मुंह खोलो.”

मग ते दर महिन्याला माझ्या टेबलाशी यायचे आणि विचारायचे, “भाऊसाहेब, माजी कवळी आली का?”

नवीन शिपायाला वाटलं, म्हाताऱ्यानं कवळी ऑफिसात हरवली. त्यानं दोन कपाटांखाली शोधलीसुद्धा.

“मामा, एवढी घाई कसली? पेज काय वाईट असते?” असं मी एकदा चेष्टेनं म्हणालो. टॉवेलाआडून उत्तर आलं, “पेज बरीच हाय. पन भाजलेला सुका बोंबील दातानं तोडून खायाचा हाय एकदा. मरायच्या आदी.” मी हसलो. मग तेच ठेवणीतलं पत्र त्यांच्या हातात दिलं.

ते नोकरीत असतानाची एक गोष्ट मला तेव्हा आठवायला हवी होती, पण नाही आठवली. एकदा उन्हाळ्यात पाणी कमी आलं आणि एका नगरसेवकाच्या आळीला उशिरा सुटलं. मामांना साहेबांपुढे उभं केलं. मामा म्हणाले, “पानी कमी असला की मी पयला वॉल शेवटच्या आळीचा सोडतो. वरची आळी आदी भरली तर खालच्यांच्या नळाला नुसती हवा येते.” त्यांना मेमो मिळाला. तो मीच टाइप केला होता.

यथावकाश मीही निवृत्त झालो. काही महिन्यांनी उमरोळीला घरी पत्र आलं. ‘आपली देय रक्कम निधीच्या उपलब्दतेनुसार…’ तो ‘द’ बघितल्याबरोबर लेकरू ओळखलं. बायको म्हणाली, “अक्षर नि अक्षर तुमचंच की! घ्या आता चाटून.”

चौकशीला गेलो तर टेबलाशी कुणी विचारेना, म्हणून बाकाकडे वळलो. तिथे मामा बसलेले. थोडं सरकून त्यांनी जागा केली आणि टॉवेल तोंडावर धरून म्हणाले, “या भाऊसाहेब. उपलब्दतेनुसार बसा.”

मला लाज वाटली. माठातलं पाणी प्यायलो. ते कोमट होतं, आणि इतकी वर्षं ते म्हाताऱ्यांना कोमटच मिळत होतं हे मला ठाऊक नव्हतं.

पुढं थकीत देण्यांसाठी थोडी रक्कम आली, सगळ्यांना न पुरणारी. माझ्या खुर्चीवर आता एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. “सर, यादी कुठल्या क्रमानं लावायची? आधीच्या यादीत काही सूत्रच सापडत नाही.” कसं सापडणार? जो ओरडेल आणि जो चिठ्ठी आणेल तो वर, हे माझं सूत्र होतं. मामा कधी ओरडले नाहीत. तोंडावर टॉवेल धरून माणूस ओरडणार कसा?

खरं सांगायचं तर एक चिठ्ठी त्या दिवशी माझ्याही खिशात होती. एका नगरसेवकाला गळ घालून मिळवलेली. ती काढायला मी हात घातलासुद्धा. खिडकीतून बाक दिसत होता. मामा शिपायाला काहीतरी विचारत होते. काय विचारत असतील ते ऐकू यायची गरज नव्हती.

“शेवटच्या आळीपासून,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“ज्याला निवृत्त होऊन सगळ्यात जास्त वर्षं झाली, तो पहिला. चिठ्ठ्या बघू नका.”

त्या हिशेबानं मामा वरून तिसरे आले आणि मी तळाला गेलो. फार मोठा त्याग केला असं समजू नका. पैसे माझ्या नावाच्या बरेच वर संपले तेव्हा मी यादी पुन्हा दोनदा मोजून पाहिली, आणि बायको दोन दिवस बोलली नाही. चिठ्ठीची घडी करून मी मॅडमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. तेवढं टेबल मात्र अजून स्थिर आहे म्हणतात.

परवा मामा घरी आले. हातात कागदात गुंडाळलेले सुके बोंबील. बायकोनं चुलीवर भाजून दिले. मामांनी एक उचलला, मधोमध धरला आणि कट्‌कन तोडला. डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

मग त्यांनी विचारलं, “भाऊसाहेब, तुमचा कदी?”

“माझं काय,” मी म्हणालो, “निधीच्या…”

“उपलब्दतेनुसार!” मामांनी वाक्य पुरं केलं आणि बत्तीशी दाखवून खदाखदा हसले. टॉवेल खांद्यावरच राहिला. अख्ख्या नोकरीत माझ्या त्या वाक्यावर हसलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं.