उपदेश घेतलेली मांजर

पुलगावच्या आमच्या आळीत अनुसयाबाईंना नावानं कुणी ओळखत नसे. 'मांजरवाल्या मावशी' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवायचं. मावशी शिवणकाम करायच्या. नवरा सुताच्या गिरणीत होता, तो लवकर गेला, मूलबाळ नाही. घर उपदेशी, म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. मटण-अंडी सोडाच, पायाखाली मुंगी आली तरी दिवसभर चुकचुकायच्या. त्यांची नि आमची भिंत एकच. मी शाळेत शिकवायची, आणि खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. इतकं सोज्वळ माणूस शेजारी असलं की आपल्याला धड चिडताही येत नाही.

डाली आली एक्क्याऐंशी साली. दारूगोळ्याच्या डेपोतल्या एका साहेबाची बदली झाली. त्याची मेमसाब मावशींकडे ब्लाउज शिवायला टाकायची. जाता जाता तिनं एक पांढरं पिल्लू मावशींच्या पदरात घातलं, आणि तिच्या कुत्र्याच्या बिस्किटांचं उरलेलं एक खोकंही दिलं. पिल्लाचं नाव डॉली. आमच्या आळीनं त्याची डाली केली.

सुरुवातीला डाली दूधभातावर वाढली. मग एका दुपारी तिनं चिमणी धरली आणि नेऊन ठेवली कुठं, तर देवपूजेच्या पाटाजवळ. मावशी पाटासमोर बसून हमसून हमसून रडल्या. मी म्हटलं, "मावशी, मांजर आहे ते. डोमाजीकडून छिचडे आणून घाला रोज थोडे, मग नाही जायची चिमण्यांच्या मागं." डोमाजी खाटीक, बाजारात त्याचं दुकान. मटण विकून उरलेले कच्चे तुकडे, ते छिचडे. लोक कुत्र्यामांजरांसाठी नेत.

"माह्या घरात?" मावशी म्हणाल्या. "मास्तरीणबाई, तुमी शिकल्यासवरल्या अन् असं काऊन बोलून राह्यल्या?"

मग त्यांना ते खोकं आठवलं. मशीनमागून ओढून काढलं. आत तपकिरी, टणक बिस्किटं. मावशींनी एक फोडलं, हुंगलं आणि कपचा जिभेवर ठेवला. आपण जे तोंडात घालणार नाही ते तिच्याही पोटात जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब.

"गव्हाचं लागते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

त्या दिवसापासून डाली दुधात भिजवलेल्या बिस्किटांवर. खोकं संपलं की रेल्वेतले भैयाजी नागपूरहून, सीताबर्डीच्या एका दुकानातून नवं आणून देत. मांजरीनं उंदराला तोंड लावू नये म्हणून परकराची नाडी तिच्या गळ्यात आणि दुसरं टोक मशीनच्या पायाला. डाली गुबगुबीत झाली. आळीतले लोक हसायचे, "मांजरीनंबी उपदेश घेतला म्हणते!" भैयाजी तर प्रत्येक खोक्याबरोबर ऐकवायचे, "सौ चुहे खाके बिल्ली चली हज को."

मावशी चिडायच्या नाहीत. "तिच्या हातून आता जीव जात नाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "पुढचा जन्म माणसाचा भेटंन तिले. मग तिचं ते पाहून घेईल." हे त्या गमतीनं बोलत नव्हत्या. त्यांना पोटचं कुणी नव्हतं, आणि हा एक जीव आपल्या हातून तरून जावा एवढंच त्यांना हवं होतं. त्या मांजरीवर त्यांनी जीव टाकला होता, आणि म्हणूनच कुणाचं ऐकत नव्हत्या.

तिसऱ्या वर्षी डाली धडकायला लागली. मशीनच्या पायट्याला, उंबऱ्याला, माझ्या पायांना. भर उन्हातही तिची बुबुळं काळ्या बटणांसारखी मोठी दिसत. बशी एकीकडे, ही तोंड घालायची दुसरीकडे. मावशी म्हणाल्या, "म्हातारी होऊन राह्यली." तीन वर्षांची म्हातारी! मीच दोघींना ओढत जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नवीन होता, तरणा. त्यानं डोळ्यांत टॉर्च मारला आणि विचारलं, "खाते काय ही?"

मावशींनी अभिमानानं पिशवीतून खोकं काढलं.

"बाई, यावर कुत्र्याचं चित्र आहे ना?"

"कुत्रं काय अन् मांजर काय जी, दोनी घरातलेच जनावरं."

"तसं नसतं. कुत्रं भाकरीवरही निभावतं. मांजराला मांस लागतंच. कुत्र्याच्याच खाण्यावर ठेवलं तर डोळे जातात, हे आता कळलंय."

"मंग येतीन ना परत?"

"नाही."

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं खोकं उलटं केलं, बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि म्हणाला, "आणि हे तरी शाकाहारी कुठंय? यात मांसाची नि हाडांची पूड आहे, फक्त मांजराला पुरण्याइतकी नाही."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मावशींनी खोकं परत पिशवीत घातलं, डालीला उचललं आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या डोमाजीच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. मी मागं होते.

डोमाजी दचकला. "अनुसयाबाई, तुमी? रस्ता चुकल्या का जी?"

"कलेजी देजो भाऊ. ताजी."

त्यानं पळसाच्या पानात बांधून दिली. मी हात पुढं केला, त्यांनी मला धरू दिली नाही. घरी आल्यावर डालीची नाडी सोडली आणि पान तिच्यापुढं उघडलं. डालीनं हुंगलं. मागं सरली, पाय झटकला आणि बशी ठेवायच्या कोपऱ्याकडे तोंड करून ओरडू लागली. मावशींनी बोटांनी तुकडे केले, तिच्या तोंडाला लावले. तिनं थुंकले. "खाय ना माय," त्या म्हणत होत्या, "आता मी नाई म्हनत नाई ना!" पुढं पुष्कळ दिवस हेच चाललं. बिस्किटांत कालवून दिलं तर डालीनं सगळी बशीच टाकली. लहानपणी जी चव लागली नाही ती आता लागत नव्हती.

मावशींनी मठात जाणं बंद केलं. मी म्हटलं, विचारून तर पाहा, काही प्रायश्चित्त असेल. त्या म्हणाल्या, "कोन्या तोंडानं इचारू?" भैयाजींना मात्र त्यांनी पुन्हा नागपूरचं खोकं आणायला सांगितलं. उपाशी मारायची का मांजर?

एकदा संध्याकाळी गेले तर त्या बिस्किटं भिजवत होत्या. आत काय आहे ते ठाऊक असून, त्याच हातांनी. मला म्हणाल्या, "उपदेश गेला अन् डोळेबी गेले. एक तं राह्यलं पायजे होतं ना, मास्तरीणबाई?"

डाली खात होती, आणि मावशी बशी तिच्या तोंडाशी धरून बसल्या होत्या. खाली ठेवली की तिला ती सापडत नसे.