अक्काचा हुंकार

आमची मुलगी सॅक्सोफोन वाजवते म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या आंटींनी पहिला प्रश्न विचारला होता, "लग्नाच्या ऑर्डरी घेते का?" इकडं दक्षिणेतल्या लग्नांत सॅक्सोफोन वाजतो, त्यामुळे त्यांचंही बरोबरच. हिला मात्र कॉन्चेर्टो वाजवायचा होता. म्हणजे मागं अख्खा ऑर्केस्ट्रा आणि पुढं ही एकटी. त्यात एका जागी ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि तिनं बराच वेळ एकटीनंच वाजवायचं असतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच्या तालमीत ती नेमकी तिथंच अडली. घरी येऊन एवढंच म्हणाली, "उद्या तिथं अडले तर संपलं." आणि जेवली नाही. तिच्या वाटणीचं मी जेवलो. काळजीत मला भूक फार लागते.

कार्यक्रम इंदिरानगरला होता. निपाणीहून माझी थोरली बहीण मुद्दाम आली होती. तिला आमच्या घरात लहानथोर सगळेच अक्का म्हणतात. निघताना मुलीनं आम्हा दोघांना ताकीद दिली, "बाबा, मांडीवर ताल धरायचा नाही. अक्का, तू 'वाह' म्हणायचं नाहीस. तिथं लोक खोकतसुद्धा नाहीत."

"मग समोरची माणसं जित्ती हाईत हे तुला कळायचं कसं गं?" अक्कानं विचारलं.

तिचंही खोटं नव्हतं. आम्ही दोघं गावाकडच्या गाण्याच्या बैठकींत वाढलो. तिथं गप्प बसलेला माणूस झोपलाय असं धरून चालतात.

सुरुवात छान झाली असावी. मी ऐकत नव्हतो, तिच्या खांद्यांकडं बघत होतो. ती श्वास घेई तेव्हा मीही घेई, ती रोखून धरी तेव्हा मीही. शेजारच्या अनोळखी बाईंनी न विचारताच मला पाण्याची बाटली दिली.

मग ती जागा आली. व्हायोलिनवाल्यांनी गज खाली घेतले. ती एकटीच वर वर चढत गेली आणि थांबली.

विराम होता, की अडली? बंद दाराआडून हा भाग मी इतके महिने ऐकलाय, पण त्या क्षणी काही म्हणजे काही आठवेना. कंडक्टर तिच्याकडं बघत होता. सॅक्सोफोन तोंडाशीच होता, पण खांदे हलत नव्हते.

"हं!" अक्का म्हणाली. बैठकीत म्हणतात तसं, खणखणीत.

पुढच्या तीन रांगा मागं वळल्या. मी खाली वाकून पायातलीच चप्पल शोधू लागलो. वाकलेला असतानाच सॅक्सोफोन पुन्हा ऐकू आला, आणि शेवटच्या टाळ्यांपर्यंत मान वर करायचं धाडस मला झालं नाही.

बाहेर आल्या आल्या मुलीनं विचारलं, "'हं' कोण म्हणालं?"

अक्कानं सरळ माझ्याकडं बोट दाखवलं.

"तिथं विरामच आहे, बाबा. लिहिलेला."

"सॉरी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रिक्षात ती आमच्या दोघांच्या मधे बसली. सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा तिनं अक्काच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"एवढा लांब नाही लिहिलेला," ती हळूच म्हणाली.

"हं," अक्का म्हणाली.